पंप-मोटार मिस्त्र्यांना माल पुरवण्याचा धंदा: तालुक्यात सुरू कसा करायचा, वाढवायचा कसा

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मोटार वाइंडिंगची, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देणारी, चार-पाच दुकानं असतातच. मोठ्या खेड्यात एखादं. दहा बाय बारा फुटांची जागा, दारात उघडून ठेवलेले पंप, आत एक मिस्त्री आणि हाताखाली एक पोऱ्या. या कामात कुणी मोठा खेळाडू नाही. प्रत्येक मिस्त्री आपला माल आपण आणतो. दुकान बंद ठेवून नागपूर, अमरावती नाहीतर अकोल्याला जातो, किंवा ठोक दुकानदाराला फोन करून बसने पार्सल मागवतो. ऐन हंगामात लाईन कमी-जास्त होऊन किंवा एक फेज जाऊन मोटार जळते, हरभऱ्याचं ओलित थांबतं, आणि एका बेअरिंगसाठी किंवा दोन किलो तारेसाठी दुरुस्ती दोन दिवस अडते.

हे दोन दिवस वाचवणं हाच तुमचा धंदा. स्वस्त माल विकून इथे टिकता येत नाही, कारण ठोक बाजारातला दर मिस्त्र्याला फोनवर कळतो. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, लागेल तेवढाच माल दारात मिळतो, याचे पैसे तो देतो.

पहिली पायरी: फिरून यादी करा

माल घेण्याआधी लागून असलेले दोन तालुके पूर्ण फिरा. तीस-चाळीस दुकानं तरी व्हायला हवीत. "माझ्याकडून माल घ्याल का?" असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. मागच्या महिन्याची बिलं आणि कच्च्या चिठ्ठ्या दाखवायची विनंती करा. काय आणलं, किती आणलं, कुठून, किती दिवस थांबावं लागलं, पैसे रोख दिले की उधार, एवढं वहीत उतरवा. मिस्त्री सबमर्सिबल (बोअरमध्ये बुडवलेले पंप) जास्त करतो, विहिरीवरचे मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेले) आणि ओपनवेल (विहिरीच्या पाण्यात बुडवलेले) करतो, की घरगुती पंखे-कूलर करतो, तेही लिहा. मालाची यादी यावरूनच ठरते.

भागाप्रमाणे माल पार बदलतो. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात बोअर खोल असल्याने जास्त टप्प्यांचे सबमर्सिबल, लांब केबल आणि थ्रस्ट बेअरिंग चालतात. यवतमाळ-वाशीमकडे विहिरींवरचे ३ आणि ५ एचपीचे पंप जास्त भेटतात, तिथे साधं बेअरिंग, सील, फूट व्हॉल्व्ह, स्टार्टरचा माल हलतो. भंडारा-गोंदियात उन्हाळी धानासाठी जानेवारीपासून मेपर्यंत पंप चालू असतो, म्हणून तिथला हंगाम वेगळा धरावा लागतो. दुसऱ्या जिल्ह्यातल्या ओळखीच्या दुकानदाराची यादी जशीच्या तशी उचलली तर पहिल्याच वर्षी कपाटात मेलेला माल साचतो.

दुसरी पायरी: पहिला माल

सत्तरच्या आसपास प्रकारचे नग पुरेत. वाइंडिंगसाठी तांब्याची इनॅमल तार, सबमर्सिबलची पॉलीरॅप तार, लेदराईड कागद, स्लीव्ह, वार्निश, बांधायचा दोरा. फिरणाऱ्या भागांत ६२०२ पासून ६२०६ पर्यंतच्या आणि ६३०५ या क्रमांकांची बेअरिंग, बुश, थ्रस्ट बेअरिंग, मेकॅनिकल सील, ऑईल सील, कपलिंग. विजेच्या मालात कपॅसिटर, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, स्टार्टरची कॉइल. आणि १.५, २.५, ४ चौरस मिलिमीटरची तीन कोअर फ्लॅट केबल. इंपेलर-डिफ्यूझर सुरुवातीला भरू नका. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे ते बदलतात, ऑर्डर घेऊनच आणा.

सगळ्यात जास्त पैसा तारेत अडकतो आणि सगळ्यात जास्त फसवणूकही तिथेच होते. म्हणून तार तपासायची रीत नीट शिका. रिळावर निव्वळ वजन आणि रिकाम्या रिळाचं वजन छापलेलं असतं. भरलेलं रीळ काट्यावर ठेवून दोन्हीचा मेळ घाला, आणि महिन्यातून एखादं रिकामं रीळही तोलून बघा. मग टोकाची बोटभर तार घ्या, काडीपेटीने वरचं इनॅमलचं आवरण जाळा, फडक्याने पुसून उघड्या तांब्याला मायक्रोमीटर लावा. २२ गेजला ०.७११, २१ ला ०.८१३, २० ला ०.९१४ मिलिमीटर भरायला हवं. २२ गेज म्हणून दिलेली तार ०.६९ भरली, तर तांब्याचा छेद सुमारे सहा टक्क्यांनी कमी आहे. वेढे तेवढेच बसतात, मोटार चालूही होते, पण गरम होते आणि ऐन ओलितात जळते. दोष मिस्त्र्यावर येतो, आणि तो पुन्हा तुमच्याकडून तार घेत नाही. ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. सबमर्सिबलच्या तारेवर आयएस ८७८३ हा मानक क्रमांक पाहून घ्या.

बेअरिंग आणि कपॅसिटर अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिलासकट घ्या. नकली बेअरिंगचं खोकं हुबेहूब असतं, फरक महिनाभराने आवाजात कळतो. कपॅसिटर मीटरवर मोजून घ्या. ३६ एमएफडी (मायक्रोफॅरड) लिहिलेला ३० च्या आसपास दाखवत असेल तर परत करा. कपॅसिटरवरची उत्पादन तारीख बघून जुना आधी विका. सीलचं रबर पत्र्याच्या शेडमध्ये विदर्भाच्या उन्हाने कडक होतं, म्हणून तीन-चार महिन्यांपुरताच साठा ठेवा. वार्निश आणि थिनर बाकी मालापासून लांब, वेगळ्या खोलीत असू द्या. केबलची बंडलं जमिनीवर टाकली तर उंदीर कुरतडतात.

तुमची खरी कमाई माल फोडून देण्यात आहे. खेड्यातला मिस्त्री पंधरा किलोचं रीळ घेऊ शकत नाही. त्याला आज दोन किलो हवी असते. त्याच्यासमोर तोलून द्या. काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळून शिक्का मारून घ्यावा लागतो, तो चुकवू नका. आधीच पाकिटं बांधून ठेवलीत, तर पॅकिंगचे वेगळे नियम लागू होतात.

तिसरी पायरी: कागदपत्रं

एक-दोन माणसांच्या दुकानासाठी शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), दोन्ही घरबसल्या होतात. उद्यम नोंदणीला फी नाही, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. इथे एक गैरसमज नुकसान करतो. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा लघुउद्योगांचा हक्क व्यापाऱ्याला नाही. त्या आशेवर उधारी देऊ नका.

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणीशिवाय चांगली एजन्सी मिळणं अवघड, म्हणून ती घ्याच. कंपोझिशन (उलाढालीवर ठोक दराने कर भरायची पद्धत) की नियमित, हा प्रश्न मिस्त्री ग्राहकामुळे येतो. बहुतेक मिस्त्र्यांची नोंदणी नसल्याने त्यांना कराची वजावट (खरेदीत भरलेला कर आपल्या करातून वळता करणं) नको असते. कंपोझिशनमध्ये उलाढालीवर १ टक्का भरायचा, पण खरेदीवरच्या १८ टक्क्यांची वजावट मिळत नाही. हिशेब मांडला तर ज्या मालावर नफा सहा-साडेसहा टक्क्यांहून कमी, तिथे कंपोझिशन तोट्याचं, आणि तार नेमकी तशीच असते. तार जास्त विकणार असाल तर नियमित घ्या. मध्य प्रदेश, छत्तीसगड किंवा तेलंगणाच्या हद्दीपलीकडे विकायचं असेल तर कंपोझिशन चालतच नाही.

गाडीत माल घेऊन फिरताना मालाच्या यादीचं डिलिव्हरी चलन सोबत ठेवा आणि विक्री झाली की जागेवर बिल करा. राज्यांतर्गत एक लाखाच्या वर माल असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागतं. गाडीतला साठा लाखाच्या आत ठेवला की ही कटकट वाचते.

मिस्त्री जळकं तांबं देऊन नवी तार मागतात, तेव्हा घाईने हो म्हणू नका. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचा भंगार घेतला तर त्यावरचा कर नोंदणीकृत खरेदीदाराला भरावा लागतो. भंगारचा व्यवहार स्वतंत्र बिलावर आणि हिशेबनिसाला विचारूनच करा, नाहीतर तो पूर्ण टाळा.

चौथी पायरी: फेरी

एक उदाहरण घ्या: यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, आर्णी करून परत यवतमाळ. साधारण दीडशे किलोमीटर. छोट्या हत्तीला (लहान मालगाडीला) समजा दहा लिटर डिझेल, म्हणजे नऊशे-साडेनऊशे रुपये. सोबतच्या माणसाचे सहाशे. टायर, विमा, दुरुस्तीचे रोजचे पाचशे. फेरी दोन हजारांना पडते. सरासरी नफा दहा टक्के धरला तर वीस हजारांच्या विक्रीवर फक्त खर्च निघतो. पंधरा दुकानं झाली तर दुकानामागे तेराशे-चौदाशे रुपये, आणि तिथपर्यंत तुमच्या हाती काहीच नाही. त्यामुळे पहिले काही महिने मोटरसायकलवर दोन पेट्या लावून फिरणं जास्त शहाणपणाचं.

वार ठरवताना गावाचा आठवडी बाजार पाहा. बाजाराच्या दिवशी शेतकरी मोटार घेऊन येतात आणि मिस्त्र्याला मान वर करायला फुरसत नसते. बाजाराच्या आदल्या दिवशी पोहोचा, म्हणजे त्याच्याकडे माल तयार असतो. ऑर्डर आदल्या संध्याकाळी सहापर्यंत व्हॉट्सॲपवर घ्या. रात्री माल दुकानागणिक वेगळ्या पिशव्यांत भरून, फेरीच्या उलट क्रमाने गाडीत लावा, म्हणजे पहिल्या दुकानाची पिशवी सगळ्यात वर राहते. हे केलं नाही तर दर थांब्यावर वीस मिनिटं शोधाशोध होते आणि शेवटची चार दुकानं सुटतात.

ठरलेला वार मोडू नका. पाऊस असो, घरचं कार्य असो, कुणाला तरी पाठवा. दोन आठवडे गाडी आली नाही की मिस्त्री पुन्हा बसच्या पार्सलवर जातो.

दर फेरीनंतर एक आकडा लिहा: मागितलेल्या दहा नगांपैकी किती गाडीत निघाले. आठच्या खाली गेलात तर नवं दुकान जोडू नका, आधी साठा दुरुस्त करा.

शेतकऱ्याला थेट विकू नका. तो गाडीपाशी येऊन कपॅसिटर मागेल आणि दोन पैसे जास्तही देईल. पण मिस्त्र्याची मजुरी तुटपुंजी असते, मालावर त्याला सुटतं त्यावर त्याचं घर चालतं. तुम्ही त्याच्याच गिऱ्हाइकाला माल दिल्याचं एकदा जरी त्याला कळलं, तर त्या गावातला तुमचा रस्ता बंद. शेतकऱ्याला जवळच्या मिस्त्र्याचं नाव सांगा.

पाचवी पायरी: उधारी

हा धंदा माल न विकल्याने क्वचित बुडतो. विकलेल्या मालाचे पैसे वावरात अडकल्याने बुडतो. शेतकरी मिस्त्र्याला सांगतो, कापूस विकला की देतो. मिस्त्री तेच तुम्हाला सांगतो. ठोक दुकानदार मात्र तुमच्याकडे महिन्याच्या शेवटी मागतो.

भांडवलाचा हिशेब आधीच मांडा. महिन्याला तीन लाखांची विक्री, त्यातला खरेदीचा भाग २ लाख ६० हजार. ४५ दिवसांची उधारी दिली तर साडेचार लाख बाजारात. दीड महिन्याचा साठा ठेवला तर ३ लाख ९० हजार कपाटात. ठोक दुकानदाराने पंधरा दिवस दिले तर त्यातून १ लाख ३० हजार वजा. म्हणजे सात लाख दहा हजार तुमचे, नाहीतर बँकेचे. उधारी ४५ वरून ३० दिवसांवर आणली की दीड लाख मोकळा होतो. मुद्राचं कर्ज घेणार असाल तर हा तक्ता बँकेत घेऊन जा. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज असतं.

तारेवर समजा ३ टक्के सुटतात. बँकेचं व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १. तार ६० दिवस उधार दिली तर ३ मधले २ टक्के व्याजात गेले. म्हणून तार रोख किंवा यूपीआयवरच. बाकी मालाला जास्तीत जास्त तीस दिवस, आणि तेही मर्यादेपर्यंत. नव्या दुकानाला पहिले तीन महिने उधार नको. पुढे त्याच्या सरासरी मासिक खरेदीएवढी मर्यादा द्या. मर्यादा भरली की गाडीवरच्या माणसाला सवलत देण्याचा अधिकार नसावा, हा नियम सगळ्यांना माहीत असू द्या. तारेत बुडालेले दहा हजार भरून काढायला सव्वातीन लाखांहून जास्तीची तार विकावी लागते, हे माणसाला समजावून सांगा.

नवा माल देताना जुन्या बिलाचे पैसे घ्या, ही सवय पहिल्या फेरीपासून लावा. दिवाळीनंतर आणि ३१ मार्चला प्रत्येकाच्या खात्यावर बाकीची रक्कम लिहून तारखेसह सही घ्या. मालाच्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, मुदतीत घेतलेल्या लेखी कबुलीने ती नव्याने सुरू होते. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्यानंतर समोरच्याला १५ दिवस, आणि ते उलटल्यावर एका महिन्यात तक्रार. यातली एक तारीख चुकली तरी प्रकरण ढिलं पडतं. कोर्ट मात्र अगदी शेवटचं. तालुक्यात तुमचं नाव मिस्त्र्यांच्या तोंडीच फिरतं, आणि अडचणीत सापडलेल्या मिस्त्र्याला हप्ते बांधून दिले तर तो वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतो.

ग्रामपंचायतीच्या नळ योजनेचा माल मोठा असतो, पण बिल निघायला वेळ लागतो. मिस्त्र्यामार्फत जाऊ द्या, थेट उधारीत शिरू नका.

सहावी पायरी: वर्षाचं गणित

ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत हरभरा-गव्हाचं ओलित, मोटारी जळण्याचा मुख्य काळ. सोयाबीन-कापसाचे पैसेही याच दिवसांत हातात येतात, वसुली तेव्हाच पूर्ण करा. संत्र्याला आंबिया बहारासाठी दिलेला ताण (पाणी बंद ठेवणं) जानेवारीच्या सुमारास तोडतात आणि संत्रा पट्ट्यात पंप एकदम चालू होतात. त्याआधी केबल आणि सीलचा माल पोहोचलेला हवा.

मग कूलर. विदर्भात मार्च ते मे कूलरशिवाय घर नाही, आणि तेच वाइंडिंगवाले कूलरच्या मोटारी आणि पंप दुरुस्त करतात. कूलरचा माल फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणा आणि १५ मेनंतर नवी खरेदी थांबवा. जूनमध्ये उरलेला कूलर पंप पुढच्या मार्चपर्यंत तुमचे पैसे अडवून बसतो. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो, म्हणून १५ मेपासून सगळ्यांच्या उधारीच्या मर्यादा निम्म्या करा. जून ते सप्टेंबर विक्री मंद असते. साठा मोजणं, न हलणारा माल परत करणं, गाडीची दुरुस्ती, दोन-तीन गावांत मिस्त्र्यांना गोळा करून नव्या मालाची माहिती देणं, हे त्या दिवसांत उरका.

तांब्याचा दर चढतोय म्हणून जास्तीची तार भरून ठेवण्याचा मोह होतो. दर पाच टक्के उतरला की पूर्ण हंगामाचा तारेवरचा नफा जातो. दोन-तीन आठवड्यांपुरतीच तार ठेवा आणि विक्रीचा दर त्या दिवशीच्या खरेदी दरावरच सांगा.

सातवी पायरी: वाढ

नवा तालुका धरण्याआधी चालू फेरीतल्या दुकानांचा किती माल तुमच्याकडून जातो ते बघा. जो मिस्त्री महिन्याला दहा हजारांचा माल घेतो, त्यातला तीन हजारांचाच तुमचा असेल, तर उरलेले सात हजार त्याच फेरीत, त्याच डिझेलमध्ये मिळण्यासारखे आहेत. तो कोणता माल बाहेरून आणतो आणि का, हे विचारून एकेक नग वाढवा. निम्म्याहून जास्त दुकानांचा निम्म्याहून जास्त माल तुमचा झाला, की मग लागून असलेल्या तालुक्यात जा. मधला तालुका सोडून लांब उडी मारली तर गाडी रिकामी पळते.

दुसरी फेरी स्वतः सुरू करा, पहिली माणसाकडे सोपवा. त्याचं कमिशन विक्रीवर ठेवू नका, वसूल झालेल्या रकमेवर ठेवा. विक्रीवर कमिशन असलेला माणूस हंगामात माल ओतत सुटतो आणि जूनमध्ये उधारी तुमच्या गळ्यात पडते. महिन्यातून एकदा त्याच्या फेरीतली चार दुकानं स्वतः जाऊन पडताळा, खात्यावरची बाकी मिस्त्र्याच्या वहीशी जुळवा.

दोन फेऱ्या नियमित चालल्या की बेअरिंग किंवा कपॅसिटरच्या कंपनीकडे तालुक्याची वा जिल्ह्याची एजन्सी मागता येते. जाताना दुकानांची यादी, नगवार मासिक विक्री आणि वसुलीचे दिवस घेऊन जा. करारात दोन गोष्टी लिहून घ्या: न विकलेला माल किती दिवसांत परत घेतील, आणि तुमच्या हद्दीत दुसऱ्याला थेट माल देतील का. महिन्याचं टार्गेट पूर्ण करण्यासाठी शेवटच्या आठवड्यात माल उचलायला लावतात, तिथे ठाम राहा. पुरवठादाराचं बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर घेतलेली कराची वजावट व्याजासह परत करावी लागते, हेही टार्गेटचा माल उचलताना लक्षात असू द्या.

सौर पंपांकडे आत्तापासून लक्ष ठेवा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतल्या ३, ५ आणि साडेसात एचपीच्या पंपांवर पाच वर्षांची दुरुस्तीची जबाबदारी बसवणाऱ्या कंपनीची आहे. तोवर ते पंप मिस्त्र्याकडे फारसे येणार नाहीत. २०२४ पासून बसलेले पंप २०२९ पासून मुदतीबाहेर पडायला लागतील. फेरीत फिरताना कोणत्या गावात कोणत्या कंपनीचे, किती एचपीचे, कोणत्या वर्षी बसले ते वहीत लिहीत चला. सील, केबल आणि जोडाचं सामान बरंचसं ओळखीचंच लागेल. कंट्रोलर (पॅनलची वीज मोटारीला जुळवून देणारं यंत्र) मात्र वेगळा विषय आहे, त्यासाठी दर तालुक्यात निदान एका मिस्त्र्याला प्रशिक्षण मिळेल अशी सोय कंपनीच्या सेवा केंद्राशी बोलून आधीच करून ठेवा.